पांढरा ठिपका म्हणजे संकर नव्हे: मराठवाड्यातल्या रानडुकरांचं मूळ कसं शोधावं

"आता अस्सल रानडुकरं राहिली कुठं, सगळी गावडुकरांत मिसळली," असं बांधावर सर्रास ऐकू येतं. अंगावर पांढरा ठिपका दिसला की निकाल लागतो. ठिपका संशयाला पुरतो, पुराव्याला नाही. उलट, आयाळ ताठ आणि पिल्लांवर पट्टे असलेल्या कळपातही गावडुकराचा अंश दडलेला असू शकतो. पहिल्या संकरात तो निम्मा. पुढे रानडुकरांशीच जोड लागत गेली तर 25, 12.5, 6.25 टक्के असा उतरतो.

म्हणून डीएनए. नमुना बहुधा विहिरीत पडून किंवा गाडीखाली मेलेल्या जनावराचाच मिळतो. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार मेलेलं रानडुक्करही सरकारी मालमत्ता असतं, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. कानाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्या आणि त्याच्या किमान पाचपट 95 टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. तुकडा मोठा असला तर इथेनॉल गाभ्यापर्यंत पोचत नाही, आतून कुजतो. मे महिन्याच्या उन्हात तर काही तासांतच. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. फॉर्मेलिन अजिबात नको, त्यात डीएनएचे तुकडे पडतात. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते. कुंपणाच्या तारेला अडकलेले केस मुळासकट असतील तरच उपयोगाचे. ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि एका पाकिटात दोन ठिकाणचे केस कधीही मिसळू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच उसाच्या फडातल्या कळपातून पाच-सहा नमुने घेणं. कळप म्हणजे मादी, तिच्या लेकी आणि त्यांची पिल्लं. असे नातेवाईक विश्लेषणात वेगळाच वंश असल्यासारखे उठून दिसतात. एका कळपातून एकच नमुना घ्या. मायक्रोसॅटेलाइटवर, म्हणजे डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या आणि जनावरागणिक संख्या बदलणाऱ्या छोट्या तुकड्यांवर, काम असेल तर प्रत्येक भागातून 25 ते 30 जनावरं हवीत.

आता स्वस्तातल्या मायटोकॉन्ड्रियल चाचणीबद्दल, कारण बरेच जण तिथेच थांबतात. पेशीच्या केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रियात असणारा हा डीएनए फक्त आईकडून येतो. गावातला नर रानातल्या मादीला लागला, तर पिल्लं निम्मी गावडुकरं असूनही या चाचणीत शंभर टक्के रानटी ठरतात. शिवाय आशियाई आणि युरोपीय रानडुकरांचे वंश सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, हे खरं असलं तरी लार्ज व्हाइटसारख्या विलायती जातींत 18व्या-19व्या शतकात चिनी डुकरांचं रक्त घातलं गेलं. त्यामुळे आशियाई मातृवंश सापडला एवढ्यावरून जनावर इथलंच, असं म्हणता येत नाही. आई-बाप दोघांकडून येणारा केंद्रकातला डीएनए तपासावाच लागतो.

त्यासाठी डुकरांच्या डीएनएतल्या साठेक हजार खुणा, म्हणजे जनावरागणिक फरक पडणाऱ्या जागा, एकदम तपासणारी तयार चिप मिळते, पण तिच्यातल्या खुणा मुख्यतः युरोपीय जातींवरून निवडल्या आहेत. इथली विविधता तिच्यावर आहे त्यापेक्षा कमीच दिसते. म्हणून चिपवरचे आकडे युरोपातल्या रानडुकरांशी ताडून "आपली डुकरं एकसाची" असं लिहिणं चूक आहे. खर्च जमत असेल तर थोड्या जनावरांचा का होईना, पूर्ण जीनोम वाचलेला बरा.

नमुन्यांसाठी किनवटचं जंगल, येडशी-रामलिंग घाट आणि गौताळा ही एकमेकांपासून दूरची तीन टोकं धरावीत. मधल्या गोदावरी-मांजरा पट्ट्यातल्या उसातले नमुने वेगळे नोंदवावेत. आणि त्याच गावांतल्या काळ्या देशी व पांढऱ्या विलायती डुकरांचे नमुनेही घ्या. ताडून पाहायला तेच नसतील, तर संकर आहे की नाही हे कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही.