नकाशावरची कोरी जागा

पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं, म्हणजे रायबोसोम, आरएनएवर नेमकी कुठे बसली आहेत ते टिपायच्या पद्धतीला रायबोसोम प्रोफायलिंग म्हणतात. तिची सगळी मदार पहिल्या मिनिटावर असते. वाढीला लागलेलं यीस्ट झटपट गाळायचं, फिल्टरवर जमलेला पेशींचा लगदा थंडगार स्पॅच्युलाने खरवडायचा आणि तसाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा. इथे रेंगाळलं की उपासमारीची चाहूल लागून पेशी प्रथिनं बनवणं मंदावतात, आणि पुढचं सगळं मुसळ केरात. मग एन्झाइमने उघडा आरएनए कापून टाकायचा. रायबोसोमखाली झाकलेले 28 अक्षरांच्या आसपासचे तुकडे तेवढे शिल्लक राहतात. त्यांचा क्रम वाचला की कोणता रायबोसोम कुठे बसला होता ते कळतं.

त्या दिवशी डेटा आला तेव्हा मला फक्त ओळखीची जनुकं नीट दिसतायत ना, एवढंच बघायचं होतं. गुणसूत्र सरकवता सरकवता दोन जनुकांच्या मधल्या, जनुकांच्या नकाशावर कोऱ्या असलेल्या जागेत, रायबोसोमखालचे तुकडे किती मिळाले ते दाखवणाऱ्या काड्या उभ्या दिसल्या. नुसता आरएनए दिसला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. यीस्टचे बरेच प्रमोटर, म्हणजे डीएनएवरून आरएनए काढायला जिथून सुरुवात होते त्या जागा, दोन्ही दिशांना आरएनए काढतात आणि त्यातला नको असलेला पेशी लगोलग कुरतडून संपवते. पण इथल्या उंच काड्या दर तीन अक्षरांनी येत होत्या. रायबोसोम एका वेळी एक कोडॉन, म्हणजे तीन अक्षरं पुढे सरकतो, त्याचीच ही खूण. एटीजी या सुरुवातीच्या कोडॉनला आरंभ, टीएए या थांब्याच्या कोडॉनला शेवट, मधे चाळीसेक कोडॉन.

मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना हाक मारली. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाव ठरवून मोकळी झालीस वाटतं? आधी भावंडं बघ."

त्यांचं बरोबर होतं. 1996 साली यीस्टचा जीनोम पुरा झाला, तेव्हा 100 कोडॉनपेक्षा लहान पट्ट्या, म्हणजे सुरुवातीच्या कोडॉनपासून थांब्यापर्यंतचे सलग भाग, बहुतांशी मोजल्याच नव्हत्या, कारण इतक्या लहान पट्ट्या योगायोगानेही ढिगाने सापडतात. म्हणजे हे एखादं जुनंच, नजरेतून सुटलेलं जनुक असू शकत होतं. मग पॅराडॉक्सस, मिकाटे, उवारम या भाऊबंद जातींमधली तीच जागा काढली. शेजारची दोन्ही जनुकं जागच्या जागी. मधला डीएनएही ओळखू येण्याइतका सारखा. पण तिन्हींत सहाव्या कोडॉनवर थांबा. आमच्या यीस्टमध्ये तेवढं एक अक्षर बदललेलं. एकाच जातीत थांबा असता तर तिथे जनुक मोडलं असं म्हणता आलं असतं. तिन्हींत तोच, म्हणजे थांबा जुना आणि उघडलेली पट्टी नवी.

नवं जनुक जुन्याची प्रत होऊन मग बदलत जातं, हे जीवशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी 1970 मध्ये मांडलेलं चित्र बराच काळ पुरेसं वाटत होतं. कोऱ्या डीएनएतून कामाचं प्रथिन निघण्याची शक्यता जवळपास शून्य, असं जीवशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांनी 1977 मध्ये लिहिलं. 2008 मध्ये यीस्टमधलंच बीएससी4 हे जनुक पुढे आलं: 132 अमिनो आम्लांचं प्रथिन, डीएनए दुरुस्तीशी संबंध असावा असं दाखवणारं, आणि भाऊबंद जातींत त्या जागी आरएनए निघतो, पण प्रथिनाची पट्टी नाही. मला यातला आरएनएचा भागच जास्त महत्त्वाचा वाटतो. आरएनए आधीपासून निघत असेल तर एखाद्या अक्षराच्या बदलाने पट्टी उघडते आणि रायबोसोम आयताच चढतो. प्रथिन बनणं स्वस्त आहे. ते टिकण्याजोगं ठरणं महाग.

आमच्या पट्टीत टी भरपूर, त्यामुळे ल्युसिन आणि फेनिलअलानिनची रेलचेल. अशी पाणी टाळणारी साखळी पेशीच्या पडद्यात शिरण्याची शक्यता जास्त. टी-बहुल भागांतून अशीच पडदा-प्रथिनं उगवू शकतात, असं 2020 मध्ये यीस्टवरच दाखवलं गेलं होतं, म्हणून मी जरा हुरळले. मग पट्टीचा काही उपयोग आहे का ते बघायला तिचा एटीजी बिघडवून यीस्ट वाढवलं. साध्या माध्यमात फरक नाही, पेरॉक्साइडमध्ये नाही, उष्णतेत नाही.

शेवटी 1,011 यीस्ट प्रकारांचे जीनोम प्रसिद्ध आहेत, त्यांत ती जागा शोधली. काहींत पट्टी उघडी, काहींत अजून तो जुना थांबा.

"म्हणजे अजून ठरायचंय," मॅडम म्हणाल्या. "तक्त्यात गुणसूत्राचा क्रमांक आणि जागा लिही. जनुक हा शब्द नको. आणि अतिरिक्त प्रमाणात बनवून बघ, मग बोलू."