स्टेपनिहाय सीपीयूचा हिशेब

पणजीच्या पाटो भागातील आमच्या कार्यालयातून आम्ही युरोपातील एका बँकेच्या मेनफ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, रात्रीचे बॅच जॉब (आपोआप चालणारी ठरावीक कामे) सांभाळतो. उन्हाळ्यात तिकडच्या मध्यरात्री आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजतात. जूनअखेरच्या अशाच एका पहाटे व्याज आकारणीच्या जॉबचा सीपीयू वेळ (प्रोसेसरने त्यावर प्रत्यक्ष काम केलेला वेळ) जवळपास दुप्पट झाल्याचे बँकेने कळवले आणि आकारणीचा प्रोग्राम तपासावा, असेही सुचवले.

तक्रार किरकोळ नव्हती. मेनफ्रेमवरील अनेक सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क वापराच्या चार तासांच्या सरकत्या सरासरीने त्या महिन्यात गाठलेल्या कमाल पातळीवर ठरते, आणि या बँकेची कमाल पातळी महिनाअखेरच्या रात्रीच गाठली जात असे.

जॉब किती वेळ चालला यावरून त्याने प्रोसेसर किती वापरला हे कळत नाही, कारण बराचसा वेळ तो डिस्कची किंवा दुसऱ्या जॉबने धरून ठेवलेल्या फाइलची वाट पाहण्यात घालवतो. खरा हिशेब झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या एसएमएफ टाइप ३० रेकॉर्डमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदींमध्ये, असतो: स्टेप (जॉबचा एक टप्पा) संपताना सबटाइप ४ लिहिला जातो, जॉब संपताना सबटाइप ५. बँकेने फक्त सबटाइप ५ मधली एकूण बेरीज पाहिली होती. मी सबटाइप ४ मधील टीसीबी वेळ, एसआरबी वेळ (हे सीपीयू वेळेचे दोन भाग) आणि ईएक्ससीपीची, म्हणजे डिस्कसारख्या साधनांवरील वाचन-लेखनाच्या खेपांची, संख्या मागच्या महिनाअखेरच्या आकड्यांशेजारी मांडली, तेव्हा आकारणीच्या स्टेपचा सीपीयू पूर्वीइतकाच निघाला. वाढ झाली होती ती व्यवहारांची फाइल तयार करणाऱ्या आणि ती वाचणाऱ्या, अशा आधीच्या दोन स्टेपमध्ये, आणि त्यांच्या ईएक्ससीपीचा आकडा शेकडो पटींनी वाढलेला होता. प्रोग्रामरला जाब विचारण्याआधी हे रेकॉर्ड पाहिलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

कारण जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबच्या स्टेप आणि फाइल ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, सापडले. ८० बाइटांच्या रेकॉर्डची ती फाइल कोणीतरी ८० बाइटांच्याच ब्लॉकने (एका खेपेत लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या गठ्ठ्याने) घडवली होती. फेरीबोटीने दर खेपेला बेतीहून एकच प्रवासी पणजीला आणावा, तसा प्रत्येक रेकॉर्ड स्वतंत्रपणे डिस्कवर जात होता, आणि त्या प्रत्येक खेपेमागे अ‍ॅक्सेस मेथडचे (फाइल वाचण्या-लिहिण्याच्या प्रणालीतील सेवेचे) काम, चॅनेल प्रोग्राम (डिस्कला द्यायच्या सूचना) आणि इंटरप्ट हाताळणी (काम झाल्याच्या इशाऱ्याची दखल) असा सीपीयूचा खर्च होता. ब्लॉकचा आकार शून्य दिला की तो ठरवण्याचे काम प्रणाली स्वतः करते. ३३९० प्रकारच्या डिस्कवर अशा फाइलसाठी ती २७,९२० बाइट, म्हणजे एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड, असा आकार निवडते.

बदल करून तोच इनपुट चाचणीच्या एलपारवर (मेनफ्रेमच्या स्वतंत्र विभागावर) पुन्हापुन्हा चालवला. एका मोजणीवर मी कधीच विसंबत नाही, कारण त्या वेळी यंत्रावर इतर काय चालू आहे आणि प्रोसेसरच्या कॅशेवर किती ताण आहे, यानुसार एकाच कामाचा सीपीयू वेळ थोडाफार बदलतो. इथे मात्र फरक त्या चढउतारापेक्षा खूपच मोठा होता आणि प्रत्येक वेळी तो टिकला. जुलैअखेरीस जॉबचा सीपीयू वेळ पूर्वीच्या पातळीवर आला. तेव्हापासून बँकेच्या मासिक अहवालात प्रत्येक स्टेपच्या सीपीयूशेजारी ईएक्ससीपीचा स्तंभही असतो.