चार तासांची गोळी

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतील नानांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या देवाच्या फडताळात जवळजवळ जशाच्या तशा होत्या. डिस्चार्ज कार्डावर ‘दुखल्यास घ्यावी’ एवढेच लिहिलेले. कर्करोगाच्या सततच्या वेदनेवर ही गोळी कळ उठण्याची वाट न पाहता दर चार तासांनी द्यायची असते, पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यायचे असते आणि मधेच कळ उठलीच तर दिवसभराच्या मात्रेचा साधारण सहावा भाग जादा द्यायचा असतो. एवढे लिहायलाही आम्हा डॉक्टर मंडळींना फुरसत नसते. काकूंनी मग ती ‘शेवटची गोळी’ समजून राखून ठेवली, यात नवल ते काय?

नानांनी उभी हयात वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या होत्या. दुखते का विचारले, की ते मुलाकडे पाहून “बरं हाय” म्हणत, पण कूस बदलताना पलंगाची कड अशी धरत की नखे पांढरी पडत. मी मुलाला वहीत वेळा आखून दिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. हळूहळू मात्रा बसली, नाना सलग झोपू लागले आणि एके सकाळी म्हणाले, “डॉक्टर, आता मला गावाकडं पोचवा.”

गाव पाटणच्या पुढे. २०१४ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांच्या कायद्यातील परवान्यांचा जाच कमी झाला, तरी ही गोळी मान्यताप्राप्त संस्थांपलीकडे सहसा मिळत नाही. मी पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठी दिली; गिळता येईनासे झाले तर गोळी थेंबभर पाण्यात विरघळवून गालाच्या आत कशी सोडायची, तेही मुलाकडून करवून घेतले. इथे राहिले असते, तर त्या वेळी कातडीखाली बारीक सुई ठेवून औषध देता आले असते. हे मी नानांना सांगितले होते. त्यांनी तरीही गावच मागितले.

नाना गावी गेले. नंतर उरलेल्या गोळ्या आणि वही परत द्यायला मुलगा आला. वहीत एकही वेळ चुकलेली नव्हती, पण अखेरच्या पानांवर जादा मात्रांच्या नोंदी दाटीने होत्या. “इथं ठेवलं असतं, तर सुई देता आली असती ना?” त्याने विचारले. मी हो म्हणालो. तिथे असताना नाना कधी परत चला म्हणाले का, हे त्याला विचारणे मला अजून जमलेले नाही.