वावरातलं चार्जिंग: आधी मागची बॅटरी, मग चार्जर

रिमोटवर उडणाऱ्या आरसी विमानासाठी फील्ड चार्जर, म्हणजे वावरातच विमानाची बॅटरी भरणारा चार्जर, कोणता घ्यावा असं विचारलं की बोलणं लगेच वॉटवर येतं. पन्नासचा पुरेल की तीनशेचा घ्यावा? घरी ठीक आहे, तिथे बोर्डात पिन खोचली की झालं. वावरात चार्जरच्या मागे १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती किती देते, किती जाड वायरीतून देते, यावर सगळं अडतं. म्हणून खोक्यावरचा आकडा शेवटी बघायचा.

आपल्याकडचा उडवायचा हंगामही विचारात घ्या. हरभरा, गहू निघाला की वावरं मोकळी होतात ती मृगापर्यंत. पुढे सोयाबीन-कापूस उभा राहतो, आणि पावसानंतर काळ्या रानात विमान आणायला गेलेल्याचा बूट तिथेच राहतो. म्हणजे बहुतेक चार्जिंग मार्च ते मेच्या उन्हात होणार. हे डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं वाचा.

हिशेब सोपा आहे. पॅक म्हणजे विमानातली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. ‘३एस’ म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल, मिळून ११.१ व्होल्ट; २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास (एएच). तेव्हा ३एस २२०० चा पॅक म्हणजे ११.१ गुणिले २.२, साधारण २४ वॉट-तास. शहाण्यासारखं उडवलं तर त्यातले ८० टक्के वापरले जातात, म्हणजे १९-२० वॉट-तास परत भरायचे. चार्जर स्वतः १५ टक्क्यांच्या आसपास उष्णतेत घालवतो असं धरा. मागच्या बॅटरीतून जातात सुमारे २३ वॉट-तास. ४एस ३३०० ला हाच आकडा ४६ च्या घरात जातो आणि ६एस ५००० ला १०४ वर.

आता मागची बाजू. कारची ३५ एएचची बॅटरी कागदावर ४२० वॉट-तास. पण ती इंजिन स्टार्ट करायला बनवलेली आहे, प्लेटा पातळ असतात, खोल उतरवली की लवकर मरते. शिवाय संध्याकाळी त्याच गाडीने घरी जायचंय. एक तृतीयांश वापरा, १४० वॉट-तास. त्यात ३एसचे सहा पॅक होतात, ६एसचा एकच. मोटारसायकलच्या बॅटरीचा विचारच करू नका. यूपीएसची ७ एएचची बॅटरी सगळ्यांच्या घरात पडलेली असते, तीही फसवी. ७ एएच हा आकडा २० तासांत हळूहळू काढल्यावरचा, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअरने. ५ अँपिअरने ओढलं तर ती बरंच कमी देते आणि व्होल्टेज लगेच बसतं. ग्लो इंजिनच्या (विमानाच्या इंधनावरच्या छोट्या इंजिनच्या) स्टार्टरला ती उत्तम, चार्जिंगला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी असते, पण जातही तीच, स्टार्टिंगची. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर कामाला चांगली आहे, फक्त पन्नास किलोच्या वरचं धूड बांधावरून नेणार कोण?

नवीन घ्यायचीच असेल तर १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. २० एएचची म्हणजे २५६ वॉट-तास, वजन अडीच-तीन किलो, आणि ८५ टक्के बिनधास्त वापरता येते. ३एस २२०० चे नऊ पॅक, नाहीतर ६एस ५००० चे दोन. सोलर स्ट्रीट लाईटसाठी या बॅटऱ्या आता जिल्ह्याच्या गावी सहज मिळतात. तिथेच एक खोच आहे. दिव्यासाठी बनवलेल्या बॅटरीतल्या बीएमएसची (सेल सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची) डिस्चार्ज मर्यादा कमी असू शकते, कारण दिव्याला तेवढंच लागतं. दुकानदाराला एएच विचारून थांबू नका. ‘सलग किती अँपिअर देते’ हे लेबलवर वाचूनच पैसे द्या. मर्यादा ओलांडली की बीएमएस एका क्षणात सप्लाय तोडतो, चार्जरचा स्क्रीन काळा पडतो आणि माणूस चार्जरलाच शिव्या देत बसतो.

वॉट किती हवेत, हे आता कळतं. चार्जिंगच्या शेवटी ३एस पॅक १२.६ व्होल्टवर असतो. १सी म्हणजे पॅकच्या एएचइतका करंट, २२०० ला २.२ अँपिअर, गुणाकार २८ वॉट. २सी दिलं तर ५५. म्हणजे ३एस उडवणाऱ्याला बी६ नावाचा जुना ५० वॉटचा चार्जरसुद्धा पुरतो. तोच बी६ ६एसला लावला तर २५.२ व्होल्टवर दोनच अँपिअर निघतात, आणि ५००० चा पॅक भरायला दोन तासांच्या वर लागतात. तोवर वारा सुटलेला असतो. ६एस ५००० ला १सी हवं तर १२६ वॉट बाहेर, म्हणजे बॅटरीतून १४८ वॉट, १२ व्होल्टवर सव्वाबारा अँपिअर.

खोक्यावरच्या वॉटची गोम इथे आहे. ‘३०० वॉट’ हा आकडा बहुतेक वेळा २४ व्होल्ट इनपुटवरचा असतो. माहितीपत्रकात ‘कमाल इनपुट करंट’ शोधा आणि त्याला १२ ने गुणा. १५ अँपिअर असेल तर तुमच्या वावरात तो १८० वॉट ओढणारा चार्जर आहे, पॅकला त्यातले दीडशेच पोचणार. एसी-डीसी दोन्हीवर चालणारे चार्जर घरी सोयीचे, पण त्यांचा एसीवरचा आकडा आणि डीसीवरचा आकडा वेगळे असतात. दोन्ही वाचा.

माझ्या मते दोन सेटिंग नसतील तर तो फील्ड चार्जर नव्हेच: इनपुटचं किमान व्होल्टेज आणि इनपुटचा कमाल करंट. लेड-अ‍ॅसिडला किमान ११.८ वर ठेवा, आयर्न फॉस्फेटला १२.०. आयर्न फॉस्फेट बराच वेळ १३ च्या आसपास सपाट चालते आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखी घसरते, त्यामुळे व्होल्टेज बघून ‘अजून निम्मी आहे’ असा अंदाज बांधता येत नाही. काढलेले वॉट-तास मोजा. कमाल करंट बीएमएसच्या मर्यादेपेक्षा दोन-तीन अँपिअर कमी ठेवला की मधेच सप्लाय तुटत नाही.

आता वायर. ‘इनपुट व्होल्टेज लो’ असा एरर येतो तेव्हा बॅटरी ठणठणीत आणि वायर बारीक, असं पुष्कळदा असतं. घरातल्या फिटिंगची दीड एमएमची वायर मीटरला साधारण १२ मिलिओहम धरते. बॅटरी बॉनेटमध्ये आणि चार्जर तीन मीटरवर सावलीत, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. १२ अँपिअरवर जवळपास ०.९ व्होल्ट वायरीतच जातो. बॅटरीवर १२.२ असलं तर चार्जरला ११.३ दिसतं आणि ११.८ च्या सेटिंगवर तो थांबतो. चार एमएम घाला, तोटा ०.३५ च्या आसपास येतो. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरी-चार्जरमधली वायर एक मीटरच्या आत ठेवा आणि पॅक घेऊन तुम्ही चालत जा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा ब्लेड फ्यूज हवाच. वायर कुठे दाराच्या पत्र्यात सोलली गेली तर कारची बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. टोकाला एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करा. क्लिपा फक्त अडीअडचणीला. त्या हलतात, ठिणगी पडते, आणि घाईत उलट लागतात.

गाडीच्या लायटर सॉकेटवर १०० वॉटच्या पुढे जाऊ नका. त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, आणि फ्यूज उडायच्या आधी पिनच्या टोकाची स्प्रिंग तापून प्लॅस्टिक मऊ पडतं. चार्जर लावलेला असताना सेल्फ मारू नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९-१० पर्यंत खाली येतं, इंजिन लागताना वर उसळी मारतं. आधी चार्जर काढा, गाडी सुरू करा, मग लावा.

आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून लाईन घेणं? नको. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये बहुतेक ठिकाणी न्यूट्रल नसतो. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, २४० चा चार्जर क्षणात जातो. फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावायची पद्धत सगळ्यांनी पाहिलेली आहे, पण अर्थिंग सैल असेल तर पेटीच्या पत्र्यात आणि चार्जरच्या बॉडीत करंट उतरतो. उडवायच्या नादात हा खेळ नको.

ऊन एवढं आहे तर सोलर पॅनेलच लावू, ही कल्पना चांगली आहे, पण थेट नाही. ‘१२ व्होल्ट’च्या पॅनेलचं मोकळं व्होल्टेज २१-२२ असतं आणि बी६चं इनपुट ११ ते १८. शिवाय एखादा ढग आला की पॅनेल कोसळतं आणि चार्जर पुन्हा पहिल्यापासून. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, मग चार्जर, अशी साखळी ठेवा. मे महिन्यात तापलेलं १०० वॉटचं पॅनेल ७०-७५ च्या पुढे क्वचितच देतं, तरी चार तासांत २० एएचची बॅटरी रिकामी झालेली भरत आणतं.

पॅक उतरवल्यावर लगेच लावू नका. ४२ अंशांच्या हवेत उडून आलेला पॅक सहज ५५-६० ला असतो. लिपो ४५ च्या वर चार्ज करू नये. तळहातात पाचेक मिनिटं सुखाने धरता येईल इतका निवू द्या, निंबाच्या सावलीत, बंद गाडीत कधीच नाही. उन्हाळ्यात २सी टाळा, पॅकवर ५सी छापलं असलं तरी. चार्जरचा फॅन सतत फिरत असेल आणि करंट आपोआप कमी होत असेल तर तो तापलाय, त्यालाही सावली द्या. डिसेंबरच्या सकाळी उलटं: १० अंशांच्या खाली अर्ध्या सीने भरा.

चार्जिंगची जागा म्हणजे शहाबादी फरशीचा दोन फुटी तुकडा आणि शेजारी बादलीभर वाळू. कडबा, सोयाबीनचं काड, वाळलेलं गवत दहा-पंधरा फूट लांब. पेटलेली लिपो पाण्याच्या एका बाटलीने विझत नाही, आणि मे महिन्यात वाऱ्यावर गेलेली आग शेजाऱ्याच्या गंजीपर्यंत जाते.

चार्जर नवा आला की आधी घरी तपासा. बी६च्या नकला बाजारात ढिगाने आहेत आणि त्यांचं कॅलिब्रेशन रामभरोसे असतं. पॅक पूर्ण झाल्याचं दाखवलं की मल्टीमीटरने पॅकच्या बॅलन्स कनेक्टरच्या (प्रत्येक सेलची बारीक तार जिथे येते त्या छोट्या कनेक्टरच्या) शेजारशेजारच्या पिना मोजा. ३एसला चार पिना, तीन मोजमापं. प्रत्येकी ४.१८ ते ४.२० यायला हवं. कुठेही ४.२२ च्या वर गेलं तर परत करा. मोजताना प्रोबची टोकं दोन पिनांना एकदम लागू देऊ नका. टोकाला टेप गुंडाळून दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवला की हात सैल झाला तरी शॉर्ट होत नाही. ज्या चार्जरला केळीच्या पिनांची लीड असते, तिथे पिना आधी चार्जरमध्ये, मग पॅक. उलट केलंत तर मोकळ्या पिना एकमेकींना चिकटतात.

पॅरलल बोर्डाने, म्हणजे अनेक पॅक एकाच चार्जरला एकदम जोडणाऱ्या बोर्डाने, वेळ वाचतो, पण सेलची संख्या एकच आणि पॅकमधला फरक सेलला ०.१ व्होल्टच्या आत असेल तरच. नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात बेफाम करंट ओततो, आणि तो बॅलन्सच्या बारीक तारांतूनही जातो. फ्यूज नसलेला बोर्ड घेऊच नका.

दोन तासांसाठीच जात असाल तर अजून एक प्रश्न स्वतःला विचारा. ३एस २२०० चे सहा पॅक म्हणजे तब्बल पाऊण तासाचं उडणं. बॅटरी, वायर, चार्जर या सगळ्याच्या किमतीत आणखी किती पॅक येतात ते मोजा. ३एसवाल्याला पुष्कळदा पॅकच परवडतात. ६एसवाल्याला फील्ड चार्जर लागतोच.

वारा सुटला आणि भरलेले पॅक तसेच राहिले तर ते घरी नेऊन आठवडाभर तसेच ठेवू नका, उन्हाळ्यात फुगतात. सेलला ३.८५ वर आणा. काही चार्जर पॅकमधून काढलेला हा करंट परत मागच्या बॅटरीत ढकलतात. हे फक्त मागे बॅटरी असेल तेव्हाच वापरा, पॉवर सप्लायवर नाही. आणि पेरणी लागली की आयर्न फॉस्फेट अर्धी भरून, सगळ्या वायरी सोडवून कोरड्या जागी ठेवा. लेड-अ‍ॅसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याला एकदा चार्जिंगला लावायची. अर्धवट पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि हरभरा निघेपर्यंत तिच्यात काही उरत नाही.