उपाशी राहिलीस का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये एका इंग्रज कुटुंबात मी नाताळ काढला होता हे कळलं की इथल्या माणसांचा पहिला प्रश्न राणीबद्दल नसतो, बर्फाबद्दलही नसतो. ‘मग जेवणाचं काय केलंस? उपाशी राहिलीस का?’ आत्याने विचारलं, सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, परवा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा धरून विचारलं. त्यांना नुसतं ‘आँ’ एवढंच सांगता आलं. पूर्ण उत्तर असं की हो, राहिले. दोन रात्री. आणि चूक त्या घराची नव्हती.

मी पाच वर्षांची असताना आम्ही ठाणं सोडून न्यू जर्सीत एडिसनला गेलो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एका सत्रासाठी मी लंडनला होते आणि घरी परतायचं विमान होतं १८ डिसेंबर २०१० चं. त्या दिवशी लंडनवर असा बर्फ पडला की विमानतळच बंद झाला, माणसं तिथे फरशीवर झोपली. ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर तो. माझी वसतिगृहाची खोली रिकामी करून झाली होती, बॅगा दारात. शेजारच्या खोलीतली मैत्रीण उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरची. तिने आईला फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि म्हणाली, ‘चल.’

त्या दोन मिनिटांत आईने एकच गोष्ट विचारली होती: मुलगी मूळची कुठली? ‘इंडियन,’ असं उत्तर गेलं, आणि तिकडे स्वयंपाकघरात निर्णय झाला की मी शाकाहारी आहे. माझ्यापर्यंत हे पोचलं तेव्हा उशीर झाला होता.

लीड्सला गाडी बदलून स्किप्टन, तिथून पुढे मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीतून. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, मध्ये पांढरं रान आणि त्या पांढऱ्यावर मळकट दिसणारी मेंढरं. पावणेचारला सूर्य गेला. घरात शिरल्या शिरल्या मैत्रिणीची आई म्हणाली, ‘साडेपाचला टी.’ (इथे मी त्यांना काकू म्हणणार आहे. तिथे त्यांनी पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं, ते माझ्या जिभेवर येईना. आडनावाने हाक मारली तर त्या हसायच्या. दहा दिवस मी घसा खाकरून काम भागवलं.)

टी म्हणजे चहा, हे मला माहीत होतं. त्यामुळे साडेपाचला टेबलावर चीज घातलेला फ्लॉवर, वाटाणे आणि भाजलेले बटाटे आले तेव्हा मला वाटलं, काय थाटाचा चहा आहे! आठला जेवायचंय म्हणून मी चार घास खाल्ले. काकूंनी विचारलं, ‘आणखी?’ मी ‘नको’ म्हटलं. फ्लॉवरचं भांडं उचललं गेलं. आठ वाजले, नऊ वाजले. दहाला सगळे ‘गुड नाइट’ म्हणून वर गेले. उत्तर इंग्लंडात पुष्कळ घरांतून टी म्हणजेच रात्रीचं जेवण, आणि डिनर म्हणजे दुपारचं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पण कळूनही दुसऱ्या रात्री तेच झालं, कारण ‘नको’. आमच्या आजीच्या पंगतीत पहिला ‘नको’ म्हणजे शिष्टाचार, दुसरा म्हणजे संकोच, तिसऱ्याला काही अर्थ असलाच तर असायचा. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून आमटी यायची. मी एडिसनला वाढले तरी जेवणाच्या टेबलावर त्याच पंगतीतली राहिले. अमेरिकन मैत्रिणींच्या घरी पाहुण्याला पहिल्या दिवशी फ्रिज दाखवतात, त्यानंतर त्याचं पोट ही त्याची जबाबदारी. ते जमायचं. इथे फ्रिजही दाखवला नव्हता आणि आग्रहही नव्हता. काकू एकदा विचारत, फार प्रेमाने विचारत, आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवत. माझा शब्द इतका खरा मानणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं.

रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी असे आणि उशाशी टेबलावर एक पत्र्याचा गोल डबा, वर राजवाड्याचं चित्र. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वेटरचं बटण तुटलं, म्हणून मी तो डबा उघडला. आमच्या घरी तसल्या डब्यात सुया-दोरे असतात. तुमच्याही असतील. आत काठोकाठ बिस्किटं होती. पाहुण्याला अपरात्री भूक लागली तर त्याला मागायची लाज वाटू नये, म्हणून ठेवलेली. दोन रात्री मी त्या डब्यापासून हातभर अंतरावर कूस बदलत पडले होते.

आता शाकाहाराचं. आमच्या घरी दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की होते, म्हणजे कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी, आई तिला कांदा-लसूण मसाला चोळते आणि शेजारचे अमेरिकन लोक पाककृती मागतात. पण मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू वेगवेगळ्या पिशव्यांतून बदाम, अक्रोड, काजू काढून मोजत होत्या. नाताळच्या दिवशी शाकाहारी पाहुण्यासाठी तिकडे नट रोस्ट करतात. दाणे कुटून, पाव-कांदा-मसाल्याची पानं घालून लादी भाजायची. नाताळचं पुडिंग घरात पाच आठवडे आधीच करून ठेवलेलं, पण त्यात परंपरेने गायीची चरबी असते. म्हणून माझ्यासाठी बर्फातून गाडी काढून, वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचून, दुकानातून वेगळं आणलेलं. एवढं झाल्यावर ‘मी टर्की खाते’ हे तोंडातून कसं काढायचं? अमेरिकन मुलगी पहिल्याच मिनिटाला बोलली असती. मीही अमेरिकनच होते, पासपोर्टवर.

पंचविसाव्या तारखेला दुपारी दोनला जेवण. क्रॅकर नावाची रंगीत कागदाची नळी दोघांनी दोन टोकांनी ओढायची, फट् आवाज होतो, आतून कागदी मुकुट आणि एक भिकार विनोद पडतो. मुकुट घालावाच लागतो. मैत्रिणीची आजी, ८६ वर्षांची, जांभळ्या मुकुटात हुबेहूब सत्यनारायणाला नटून आलेल्या नातेवाईक बाईंसारखी दिसत होती. बारक्या कोबीसारखे ब्रसेल्स स्प्राउट्स, पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप, आणि ब्रेड सॉस, म्हणजे लवंग-कांद्याच्या दुधात कुस्करलेला पाव. आपण हे बाळाला भरवतो, ते टर्कीला लावून खातात. टर्की माझ्या डाव्या हाताला होती. तिचा वास मी अजून विसरलेले नाही. तीन वाजता राणीचं भाषण. आजी ताठ बसल्या, कोणी चमचा वाजवला नाही. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात चित्रित केलेलं, पुढच्या वर्षी चारशे वर्षं होणाऱ्या किंग जेम्स बायबलबद्दल आणि मग खेळांबद्दल. शाळेत मी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं १७७६ शिकले होते आणि घरी आपलं १९४७. तरी मुकुट डोक्यावर ठेवून मीही ताठच बसले.

आणि मग ती रात्र. ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका, चालू होती. मेलबर्नचा बॉक्सिंग डेचा, म्हणजे २६ डिसेंबरचा, कसोटी सामना तिथल्या सकाळी साडेदहाला सुरू होतो, तेव्हा इंग्लंडात नाताळच्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. घर झोपलेलं. मी पाणी प्यायला खाली आले तर काका, म्हणजे मैत्रिणीचे वडील, स्वयंपाकघरात दिवा न लावता रेडिओ कानाशी धरून बसलेले. लाँग वेव्हची खरखर, तिच्यातून येणारं समालोचन. मला बघून ते म्हणाले, ‘तुला हे कळतं?’ आमच्या बाबांनी एडिसनच्या तळघरात मला टेनिस बॉलने फॉरवर्ड डिफेन्स शिकवलाय. मी खुर्ची ओढली.

इंग्लंडचा कर्णधार स्ट्रॉसने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं होतं. ऑस्ट्रेलियाचा वॉटसन गेला. मग ब्रेसननने ह्यूजला बाद केलं. ब्रेसनन पाँटिफ्रॅक्टचा, म्हणजे यॉर्कशरचा. दादरच्या पोराने लॉर्ड्सवर शतक ठोकावं तसे काका उठले, दोन येरझाऱ्या घातल्या, आणि त्या आनंदात फ्रिज उघडला. थंड टर्की, लोणी, पाव. एक सँडविच केलं, कर्णावर कापलं आणि अर्धं माझ्यासमोर ठेवलं.

‘मी...’ म्हणाले मी.

‘तू शाकाहारी नाहीस,’ काका म्हणाले. नजर रेडिओवरच. ‘दुपारी तू टर्कीकडे बघत होतीस.’

तेवढ्यात पाँटिंग गेला. आम्ही सँडविच खाल्लं. मग आणखी एक. पुढे सत्त्याहत्तर याच धावसंख्येवर त्यांचे लागोपाठ तीन गडी गेले तेव्हा काकांनी टेबलावर हळूच मूठ आपटली, कारण वर काकू झोपल्या होत्या. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ९८, दहाही जण झेलबाद, त्यातले सहा झेल एकट्या यष्टिरक्षक प्रायरचे. दिवसअखेर इंग्लंड बिनबाद १५७. एवढं ऐकून आम्ही जिना चढलो, पायऱ्यांच्या कडेकडेने, म्हणजे करकरणार नाहीत.

‘काकूंना सांगू नका,’ मी कुजबुजले. ‘दोन दिवस खपून केलंय त्यांनी.’

‘काय सांगू नको?’ काका म्हणाले आणि खोलीत गेले.

सकाळी उशिरा उठले. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी खांबावर ठोकलेली फळी, तिच्यावर बर्फ झाडून ठेवलेला नट रोस्टचा जाड तुकडा आणि त्याला टोचणारा एक तांबड्या छातीचा रॉबिन. काकू सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या. फ्रिजमध्ये टर्की केवढी उरली होती, हे त्यांना नक्की माहीत असणार. कुठल्या घरच्या बाईला नसतं?

दुपारी थंड जेवण होतं. नाताळचा केक आणि त्याच्याबरोबर वेन्स्लीडेल चीज, यॉर्कशरची जोडी, हॅम, आणि टर्कीचं ताट, जे बरोबर माझ्या पानापुढे ठेवलेलं होतं. कोणी काही बोललं नाही. आजींनी मीठ मागितलं. मी दोन तुकडे घेतले. काकूंनी एक बरणी उघडली, आत पिवळं जर्द काहीतरी: हळद, मोहरी, व्हिनेगर, फ्लॉवरचे तुरे. पिकलिली. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत याला इंडियन पिकल म्हटलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त मोहरीची झणक नाकात गेली आणि ठाण्याच्या घरातलं फडताळ आठवलं.

‘घेशील?’ काकूंनी विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं. पहिल्याच वेळी.