तुम्ही विचारलंत म्हणून: दुभाषी व्हायला किती महिने लागतात?

मी कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेची दुभाषी आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "वा! शिकायला किती महिने लागतात हो?" विचारणारी कधी करिअरच्या शोधात असलेली कॉलेजची मुलगी असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले, काहीतरी समाजकार्य करू पाहणारे गृहस्थ. उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

महिन्यांत मोजू नका, वर्षं लागतात. फिनलंडमध्ये हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत ऐकू येणाऱ्या उमेदवाराला राष्ट्रीय प्रमाणपत्र हवं असेल तर २०१२ पासून पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. यावर लगेच विचारलं जातं, "एवढा वेळ कशाला? हातवारेच तर असतात ना?"

हे नुसते हातवारे, भाषा नव्हे, असं तर कर्णबधिरांच्या शाळांमधले शिक्षकही मानत होते. १९६० मध्ये विल्यम स्टोको या भाषेच्या अभ्यासकांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची फोड करून दाखवली: हाताचा आकार, हात शरीरापाशी कुठे आहे ती जागा आणि त्याची हालचाल, यातलं एक बदललं तरी शब्द बदलतो. चेहऱ्यालाही व्याकरण आहे. अनेक सांकेतिक भाषांत हो-नाही असा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. त्या गेल्या नाहीत तर तेच वाक्य विधान होतं. शिवाय समोरची मोकळी हवासुद्धा कामाला येते. 'बहिणीनं वडिलांना विचारलं' हे सांगताना बहीण डावीकडे ठेवली, वडील उजवीकडे, की 'विचारणं' डावीकडून उजवीकडे जातं. पुढची पाच मिनिटं कोण कुठे ठेवलंय हे लक्षात राहिलं पाहिजे. विसरलात तर वडिलांची वाक्यं बहिणीच्या नावावर जमा होतात.

आणि अशी भाषा जगात एकच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार तीनशेहून अधिक आहेत. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या कर्णबधिरांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. अमेरिकेतली फ्रेंचांच्या जवळची आहे, कारण १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला लॉरां क्लेर हे कर्णबधिर शिक्षक फ्रान्सहून आले होते.

ही भाषा व्हिडिओ पाहून सुरू करता येते, पण येते ती कर्णबधिर माणसांत बसून. नवख्याशी ती सावकाश बोलतात, हात जरा मोठे करतात. ती तसं करायची थांबली आणि तुमच्यासमोर आपापसांत भांडायला, थट्टा करायला लागली की समजा, आता दुभाषी होण्याचं शिक्षण सुरू करता येईल. कारण ते शिक्षण वेगळंच आहे.

एक वाक्य घेऊ. डॉक्टर म्हणतात, "ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पण आदल्या रात्री ताप आला असेल तरच." पहिले पाच शब्द ऐकून हात हलले, तर पेशंटनं गोळी घ्यायची हे ठरून गेलं. सांकेतिक भाषेत अट सहसा आधी येते. म्हणून 'तरच' कानावर पडेपर्यंत थांबायचं. तोवर डॉक्टर पुढच्या रक्ततपासणीवर गेलेले असतात. मागचं वाक्य हातात, चालू वाक्य कानात, आणि दोघांमधलं अंतर सांभाळायचं, हे रोजचं काम. त्याची तयारी पायरीपायरीनं करून घेतात. आधी ऐकलेलं त्याच भाषेत चार-पाच शब्द मागे राहून म्हणायचं, मग ऐकून गोषवारा सांगायचा, मग ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत भाषांतर, आणि बऱ्याच काळानं समोरचा जिवंत माणूस. मुरलेल्या दुभाष्याचाही अचूकपणा वीस-तीस मिनिटांनी घसरू लागतो आणि घसरलाय हे त्याला स्वतःला कळतंच असं नाही. म्हणून मोठ्या कार्यक्रमाला दोघं असतात. खुर्चीवर बसलेला दुसरा विश्रांती घेत नसतो. निसटलेलं नाव, आकडा तो पहिल्याला पुरवत असतो.

लोकांना हातांचं काम अवघड वाटतं. माझ्या मते उलटी दिशा जास्त कठीण आहे: कर्णबधिर माणसाच्या हातांना आवाज देणं. तो 'मी' म्हणतो म्हणून आपणही 'मी' म्हणायचं. बाई सांगत असेल "मला पाळी येत नाहीये", तर पुरुष दुभाष्यानंही तसंच म्हणायचं, "त्या म्हणतायत की" असं नाही. आणि कर्णबधिर प्राध्यापिका ठामपणे मुद्दा मांडत असताना माझा आवाज चाचपडला, तर सभागृहाला वाटतं बाईंनाच विषय येत नाही. दुसऱ्याची पत आपल्या गळ्यात असते. याचा सराव मी आजही करते.

निवृत्त गृहस्थांना मात्र मी हात जोडून सांगते, याला समाजसेवा म्हणू नका. दुभाष्यांचं काम फार काळ नातेवाईक, धर्मगुरू, शिक्षक फुकट करत आले. अमेरिकेत त्यांची नोंदणी करणारी संघटना स्थापन झाली तीच १९६४ मध्ये. फुकट मदतीबद्दल तक्रार करता येत नाही. पैसे घेणाऱ्या, नियमांनी बांधलेल्या माणसाला "तुमचं काम बरोबर नाही, दुसरा दुभाषी द्या" असं कर्णबधिर माणूस ताठ मानेनं सांगू शकतो. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातही 'व्यावसायिक' दुभाषी असंच म्हटलं आहे, आणि तो शब्द मला फार मोलाचा वाटतो.

शिकणाऱ्याचा कस कर्णबधिरांनीच पाहायला हवा, याचा पुरावा साऱ्या जगानं पाहिलाय. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत एक माणूस दुभाषी म्हणून राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी उभा राहून तासन् तास हात हलवत होता. त्याला काही अर्थ नव्हता. कर्णबधिर प्रेक्षकांना ते तत्काळ कळलं. ऐकणाऱ्यांना त्यांनी सांगितल्यावर.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना फी आणि कालावधीच्या आधी एवढंच विचारा: शिकवणाऱ्यांत आणि परीक्षकांत कर्णबधिर किती आहेत? आणि शिकाऊ असताना कोर्ट, पोलीस चौकी, ऑपरेशनची संमती अशा ठिकाणी कुणी पाठवलं तर जाऊ नका, कितीही गळ घातली तरी.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो, तो कर्णबधिर आईवडिलांच्या मुलांकडून: "आम्हाला लहानपणापासून येतं, आम्हीही शिकायचं?" हो. भाषेची वर्षं तुमची वाचली. पण आठव्या-नवव्या वर्षापासून तुम्ही दवाखान्यात आईसाठी बोलत आलात. तिला लागेल असं काही डॉक्टर म्हणाले तर ते गाळलंत, तिचं रागावणं सौम्य करून सांगितलंत, दोन्हीकडे सांभाळून घेतलंत. मुलाच्या खांद्यावर ते ओझं पडायलाच नको होतं. आता मात्र जे बोललं गेलं ते सगळं, जसंच्या तसं पोचवायचं असतं, मग ते ऐकणाऱ्याला लागो. अशा मुलांना पहिल्या वर्षी हेच सगळ्यांत जड जातं.