११९१ नव्हे, १११९

परवा माझ्या ज्युनिअरने युक्तिवादासाठी निवाड्यांची यादी काढून आणली. सवयीने विचारलं, "पान उघडून बघितलंस का?" ती म्हणाली, "मॅडम, पीडीएफ आहे. त्यात रिपोर्टरचं, म्हणजे निवाड्यांच्या छापील खंडाचं पान दिसतच नाही." मी गप्प बसले. या विषयावर मी कुणाला बोलावं असं नाहीच, त्याचं कारण आज लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकात मी पुण्याला आयएलएस लॉ कॉलेजात होते. मागे टेकडी, पुढे झाडी. प्राचार्य सत्यरंजन साठे. प्रशासकीय कायदा म्हटलं की आम्हाला साठेच आठवायचे. मेसचे पैसे सुटावेत म्हणून मी एका कायद्याच्या मासिकाची प्रुफं तपासायचे. पानाला दीड रुपया. मजकुरापेक्षा तळटीपा जास्त, आणि सगळा जीव त्या आकड्यांत.

त्यातला एक लेख मंदिरप्रवेशावर होता. शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूळदास भूदरदास वैश्य. स्वामीनारायणपंथीयांचं म्हणणं असं की आम्ही हिंदू नाही, आमचा संप्रदाय वेगळा, म्हणून दलितांना देवळात घ्यायला लावणारा कायदा आम्हाला लागू नाही. दावा १९४८ मधला, निकाल जानेवारी १९६६ चा. निवाडा लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. नागपूरहून निघणाऱ्या एआयआरमध्ये, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निवाड्यांच्या संग्रहात तो सर्वोच्च न्यायालयाच्या खंडात पान १११९ वर आहे. माझ्या हातून छापलं गेलं ११९१.

हे गजेंद्रगडकर आमच्याच कॉलेजचे, १९२६ चे एलएलबी. कॉलेज सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे, याज्ञवल्क्यस्मृती, मिताक्षरा असे धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणले. शिष्याने पुढे वकिली करता करता हिंदू कायद्याचं त्रैमासिक संपादलं, 'दत्तकमीमांसा'ची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यामुळे १९६६ च्या निवाड्यात हिंदू कोणाला म्हणायचं यावर पानंच्या पानं आली, टिळकांची व्याख्यासुद्धा आली, त्याचं मला नवल वाटत नाही. देवळाचं दार उघडलं, झालं ते योग्यच झालं. पण एखाद्या पंथाची भीती अज्ञानातून आणि अंधश्रद्धेतून आलेली असू शकते, हे कोर्टाने त्याला सांगावं का? मला ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. तेवढ्यासाठी धर्मशास्त्र शिकलेला न्यायाधीश लागतो की न शिकलेला बरा, हे मला ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडचे दुसरे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आणीबाणीतल्या निकालापासून सुरुवात करावी लागेल. ते परत कधीतरी.

तर, सनद मिळाल्यावर मी साताऱ्याला एका सीनिअरांकडे लागले. दीड-दोन वर्षांनी एका देवस्थानाच्या दाव्यात त्यांनी तोच लेख समोर ठेवून सायटेशन दिलं, म्हणजे निवाडा कुठल्या खंडात, कुठल्या पानावर ते सांगितलं. न्यायाधीशांनी खंड मागवला, चष्मा लावला, ११९१ उघडलं. मागचं पान पाहिलं. पुढचं पाहिलं. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघून विचारलं, "वकीलसाहेब, हे कुठे आहे?" सर माझ्याकडे वळले. मला १११९ पाठ होतं, पण सांगितलं तर कसं ठाऊक तेही सांगावं लागणार. शेवटी खटल्याच्या नावावरून सूचीत शोधू द्या म्हटलं आणि पाचेक मिनिटांनी तो सापडला. दावा त्या मुद्द्यावर अडला नाही, हे माझं नशीब.

संध्याकाळी ऑफिसात सगळं कबूल केलं. सर रागावले नाहीत. त्यांनी आपला १९६६ चा खंड माझ्यापुढे सरकवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "चुकलेल्या पानावर फुली मार, पोरी."

सर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ते खंड मला दिले. परवा ज्युनिअर घरी गेल्यावर त्यातला १९६६ चा काढला. बाइंडिंग सुटलंय, वाळवीने कडा खाल्ल्यात. ११९१ वरची फुली मात्र अजून तशीच आहे, जरा जास्तच जोरात मारलेली.